अंडं कोणाच्या वाटणीचं

आमच्या घरात अंडं आधी मोजलं जायचं, मग त्याचं काय करायचं ते ठरायचं. खाणं हा त्यातला शेवटचा पर्याय. चांगली मोठी अंडी कुडूक कोंबडीखाली जायची, उरलेली दुकानात. तिथून मीठ, चहापूड, काडेपेटी यायची. पाहुणा आला तर एक फुटायचं. बाळंतिणीला मिळायचं, तापातून उठलेल्याला मिळायचं, आणि भावाला परीक्षेच्या दिवशी मिळायचं. परीक्षा माझीही असायची.

आमचं सुपे गाव धरणाखाली गेलं, तालुक्याचं ठाणं जोयड्याला आलं आणि आमच्यासारखी घरं रामनगरला. काळी आणि पांढरी नद्यांच्या संगमावरचं सुपे मला तुटक आठवतं, पण निघताना आईने ट्रकमध्ये मांडीवर डालगं धरलं होतं हे पक्कं आठवतं. आतली कोंबडी रवणीवर बसलेली. 'ती अंडी राहू दे इथंच' असं बाबा म्हणाले, तेव्हा आईने त्यांच्याकडे नुसतं बघितलं.

रामनगरचा दुकानदार अंडं पाण्यात सोडून बघायचा. तळाला आडवं पडलं तर ताजं, उभं राहिलं तर शिळं, तरंगलं तर परत. दिवस जातात तसा कवचाच्या बारीक छिद्रांतून ओलावा उडतो आणि आतली हवेची पोकळी वाढते, एवढंच त्यामागचं शास्त्र. आईला ते पाण्याशिवाय कळायचं. कानाशी हलवून बघायची. मानमोडीचा रोग आला की अख्खं खुराडं दोन-तीन दिवसांत रिकामं व्हायचं, उरलीसुरली मुंगसाची. गावठी कोंबडी वर्षाला साठ-सत्तर अंडी देईल न देईल. पोल्ट्रीतली तीनशेच्या आसपास देते. आईचा हिशेब त्या साठातला होता, म्हणून तो इतका कडक.

या तालुक्यात पोट भरण्याची अडचण तशी कमी. भात आहे, नाचणी आहे, कुणबी घरांच्या परसात मुडलीसारखे कंद आहेत, त्यातला एक खणला तर घरभर पुरतो. पण कंद म्हणजे मुख्यतः पिष्ट. तांदळाच्या प्रथिनात लायसिन कमी पडतं. कुळथाचं सार ती उणीव बरीचशी भरून काढतं, पण सार पातळ आणि ताटं जास्त. अंड्याचं मोल इथे कळतं. पन्नास ग्रॅमच्या एका अंड्यात सहा ग्रॅमच्या आसपास प्रथिनं, शरीराला बाहेरूनच घ्यावी लागणारी नऊही अमिनो आम्लं त्यात, वर बी-१२, अ आणि ड जीवनसत्त्व, मेंदूच्या वाढीला लागणारं कोलिन. क जीवनसत्त्व मात्र नाही. ते आमच्याकडे करवंदं-आवळे पुरवतात. कवच तपकिरी की पांढरं याने काही फरक पडत नाही, तो कोंबडीच्या जातीचा प्रश्न. गावठी अंड्याची चव मी सोडणार नाही, पण शहरातले लोक तिच्यासाठी दुप्पट पैसे मोजून ताकद विकत घेतल्यासारखे वागतात त्याचं हसू येतं.

पुढे मी शिक्षिका झाले आणि अंडी मोजायची पाळी माझ्यावर आली. कर्नाटकात डिसेंबर २०२१मध्ये कल्याण कर्नाटकातल्या जिल्ह्यांत शाळेच्या जेवणात अंडं सुरू झालं, तेव्हा काही मठांनी कडाडून विरोध केला. पुढच्या वर्षी ते राज्यभर आलं, आणि २०२४पासून अझीम प्रेमजी फाउंडेशनच्या मदतीने आठवड्याचे सहाही दिवस. न खाणाऱ्याला केळं. कागदावर हे एका ओळीत संपतं. जंगलातल्या शाळेत अंड्यांचे ट्रे पावसात बसमधून येतात, कोणाच्या तरी मांडीवर. अंड्यामागे सहा रुपये, उकडणं-सोलणं त्यातच. बाजार चढला की शिक्षकाने स्वतःचा खिसा चाचपायचा.

विरोधाबद्दल माझं मत सांगते. उळवी याच तालुक्यात आहे, लिंगायत संत चन्नबसवेश्वरांची समाधी तिथे, जत्रेला बैलगाड्या येतात. अंडं न खाण्यामागची श्रद्धा मला परकी नाही. माझ्या वर्गातही केळं घेणारी मुलं आहेत आणि ती पहिल्या दिवसापासून इतरांच्या शेजारीच बसतात. सोमवारी तर निम्मा वर्ग केळ्याचा, श्रावणात जवळजवळ सगळाच. मुलांनी हा प्रश्न कुठल्याही परिपत्रकाआधी सोडवला होता. स्वतःच्या मुलाला नको म्हणणं समजतं. शेजारच्याच्या मुलाच्या ताटात हात घालणं समजत नाही. आणि एक गोष्ट मी रोज बघते: सोललेलं अंडं हातात आलं की मुली ते लगेच खात नाहीत. पांढरं आधी कुरतडतात, पिवळं शेवटाला ठेवतात. काही जणी धाकट्या भावासाठी दप्तरात टाकू बघतात. मी उभी राहून खायला लावते. या बाबतीत मी जरा खाष्ट आहे.

भाचा बेळगावला जिममध्ये जातो. तो बरोबर उलटं करायचा, पिवळं फेकायचा. कोलेस्टेरॉलची ही भीती जुनी आहे. अमेरिकेच्या हृदयसंघटनेने १९६८मध्ये आठवड्याला तीनच बलक खा असं सांगितलं होतं. दिवसाला तीनशे मिलिग्रॅमची मर्यादा तिथल्या आहार-मार्गदर्शिकेतून २०१५मध्ये गेली, पण ती बातमी जिमपर्यंत पोचायची आहे. मधल्या काळात तो कच्ची अंडीही प्यायचा. बेल्जियममधल्या संशोधकांनी १९९८मध्ये मोजलं, तर उकडलेल्या अंड्यातली नव्वद टक्क्यांच्या आसपास प्रथिनं पचतात, कच्च्यातली जेमतेम निम्मी. हे ऐकून तो अंड्याच्या पांढऱ्याच्या पावडरीवर गेला.

पावडरीला मी नावं ठेवत नाही. पांढऱ्यातली थोडीशी साखर आधी आंबवून किंवा विकराने काढून टाकतात, नाहीतर पूड तपकिरी होते. मग गरम हवेत फवारून वाळवतात. शंभर ग्रॅम पुडीत ऐंशीएक ग्रॅम प्रथिनं. डायलिसिसवरच्या माणसाला डॉक्टर पांढरंच खायला सांगतात, कारण फॉस्फरस मुख्यतः पिवळ्यात असतो. ज्याला दूध सोसत नाही त्यालाही ही पूड चालते. पण धडधाकट पंचविशीतला मुलगा दोन अंडी, डाळ आणि ताक यांत जे मिळेल त्यासाठी डबा घेतो, तेव्हा तो बऱ्याच अंशी डब्यावरच्या दंडांचे पैसे देतो.

तोच डबा तो आजीसाठी घेऊन आला. आईचे दात गेलेत, जेवण निम्म्यावर आलंय, आणि म्हातारपणी स्नायू टिकवायला प्रथिनं उलट जास्त लागतात, हे त्याचं म्हणणं अगदी बरोबर. मी पेजेत चमचाभर घातली. पेज कढत होती, त्यामुळे गुठळ्या झाल्या. कोमट होऊ द्यायला हवी होती. आईने वाटी फिरवून बघितली.

"ह्यात अंडं आहे?"

"अंड्यातलं पांढरं, आजी."

"मग पिवळं कुठं गेलं?"

ते वेगळं काढून बेकरीला, मेयोनीजला विकतात, असं भाच्याने समजावलं. मग तिने डब्याची किंमत विचारली, बोटांवर काहीतरी मोजलं, आणि शेजारच्या सुनेला हाक मारून त्यांच्या तलंगीने अंडी घालायला सुरुवात केली का ते विचारलं.