पांचगणीचा एक विद्यार्थी

गतवर्षींच्या नाताळाच्या गायनप्रसंगीं माझ्या हातून एक अन्याय घडला. आमच्या गायकवर्गांत सातव्या इयत्तेंतील एक मुलगा होता. आवाज गोड, सुराचें भान पक्कें. परंतु त्याचे पुढचे दांत बाहेर आलेले, व गातांना तोंडावर हात धरण्याची त्यास संवय. पाहुण्यांसमोर बरें दिसणार नाहीं, एवढ्याच विचारानें मीं त्यास मागल्या रांगेंत उभें केलें. जानेवारीपासून तो सरावास येईनासा झाला. (हें लिहिण्यास त्याची व त्याच्या वडिलांची अनुमति आहे.)

याचा 'क्वीन' नामक विलायती वाद्यवृंदाशीं संबंध काय, असें वाचक विचारतील. मी या वृंदाचा जुना भक्त. जुन्या शहरांत, मोर्णेच्या कांठीं वाढलेल्या मला पेटी, तबला व रेव्ह. टिळकांचीं भजनें एवढेंच संगीत ठाऊक होतें. नागपुरास हिस्लॉप कॉलेजांत शिकत असतां एका सोबत्याच्या खोलींत १९७५ सालचें 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' ऐकलें, आणि जेवणाची घंटा होऊन गेली तरी मी उठलों नाहीं. गाणें जवळजवळ सहा मिनिटांचें. मधल्या भागांत जणूं शंभरांचा गायकवर्ग गातो. वस्तुतः फ्रेडी मर्क्युरी, ब्रायन मे व रॉजर टेलर हे तिघेच तेथें गातात. एका आवाजावर दुसरा, दुसऱ्यावर तिसरा, असे त्यांनीं इतके थर चढविले कीं, ध्वनिफीत झिजून पारदर्शक झाली म्हणतात. चार आवाजांचें स्तोत्र बसवितांना ज्याचा घसा बसला असेल, त्यालाच या श्रमांचें मोल कळावें. मे यांनीं तर आपली गिटार वडिलांच्या साह्यानें घरींच घडविली. लांकूड जुन्या शेकोटीच्या चौकटीचें, स्प्रिंगा मोटारसायकलच्या! अर्धवट राहिलेला खगोलशास्त्राचा प्रबंधही त्यांनीं २००७ सालीं पुरा केला.

पण मला सांगावयाचें आहे तें फ्रेडीविषयीं. तो मूळचा फारोख बलसारा, पारशी, १९४६ सालीं झांझिबारांत जन्मलेला. आईबापांनीं त्यास आपल्या पांचगणीस, सेंट पीटर्स शाळेच्या वसतिगृहांत धाडलें. तेथें तो पियानो शिकला, आणि १९५८ सालीं सोबत्यांसह 'हेक्टिक्स' नांवाचा वृंद काढला. जबड्यांत चार दांत अधिक असल्यानें त्याचे पुढचे दांत बाहेर आले होते. मुलें त्यास 'बकी' म्हणून चिडवीत. पुढें पैसा व कीर्ति लाभली, तरी दांतांस त्यानें हात लावूं दिला नाहीं. आवाज बदलेल ही भीति! त्याचे पोशाख मला आजही जरा अतीच वाटतात. असो. १३ जुलै १९८५ रोजीं इथिओपियाच्या दुष्काळग्रस्तांसाठीं वेम्बलीच्या मैदानावर तो नुसता एक स्वर लावी, आणि हजारों कंठ तो जसाच्या तसा परत करीत. २४ नोव्हेंबर १९९१ रोजीं, वयाच्या ४५ व्या वर्षीं, एड्सच्या विकारानें तो वारला.

तें वेम्बलीचें चित्रण मीं जुलैमध्यें त्या मुलास दाखविलें.

"हा खरंच पांचगणीत शिकला, सर?"

"होय."

मग मीं त्याची क्षमा मागितली, व यंदा पुढें उभें राहण्यास विनविलें. तो बराच वेळ पायांकडे पाहत राहिला.

"सर, मले मांगंच राहू द्या."

निदान येईन म्हणाला, हें कांहीं थोडें नव्हे. नोव्हेंबरांत सराव सुरू होईल. पुढच्या रांगेंतील डावीकडून तिसरी जागा मीं अजून कोणास दिलेली नाहीं.