फिरत्या घराचा जीर्णोद्धार

परदेशी जाऊन आलेल्या मनुष्याने नायगाराचे वर्णन करावे, अशी आपल्याकडे रीत पडली आहे. गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत आम्ही उभयतां ओहायो राज्यातील डेटन शहरी धाकट्या भावाकडे गेलो, तेव्हा तो धबधबा आम्हीही पाहिला. परंतु आज लिहावयाचे आहे ते भावाच्या परसात उभ्या असलेल्या एका जुन्या गाडीविषयी.

मोटारीच्या मागे जोडून न्यावयाचे हे एक फिरते घर. तिकडे त्यास ट्रॅव्हल ट्रेलर म्हणतात. भावाची गाडी १९६६ सालची, २२ फूट लांब, सर्वांगाने ॲल्युमिनियमच्या पत्र्याची आणि कडांना गोलाई दिलेली. आत बिछाने, चूल, मोरी, कपाटे, सारे काही. एअरस्ट्रीम हे तिचे घराणे. वॉली बायम नावाच्या गृहस्थांनी १९३१ च्या सुमारास कॅलिफोर्नियात या उद्योगाचा पाया घातला आणि १९५२ पासून ओहायोतील जॅक्सन सेंटर या गावी तिचा कारखाना चालू आहे. डेटनहून उत्तरेस मोटारीने तासाभराची वाट. दोहों बाजूंस सपाट शेते, नुकताच उगवलेला मका, आणि मध्येच हे लहानसे गाव. १९६९ साली चंद्रावरून परतलेल्या तिघा वीरांना ज्या बंद घरात प्रथम वेगळे ठेवले, ते याच जातीच्या गाडीत फेरफार करून केलेले होते, हे ऐकून आमच्यातील शिक्षक सुखावला.

भावाची गाडी मात्र एका शेतकऱ्याच्या कोठारात वर्षानुवर्षे पडून होती. "अरे, या भंगारावर पैसा कशाला?" आम्ही विचारले. तो इतकेच म्हणाला, "दादा, आधी आत या."

हा प्रश्न आम्ही त्यास पूर्वीही एकदा विचारला होता. लष्करातील आमचा वडिलोपार्जित वाडा २००६ साली आम्ही विकला, तेव्हा "छप्पर दुरुस्त करू, पैसे मी पाठवतो," असे तो दूरध्वनीवर विनवीत होता. आता त्यात काही राहिलेले नाही, असे आम्ही ठरवून टाकले होते. त्यानंतर वाड्याचा विषय आम्हा दोघांत निघाला नव्हता.

आत गेलो. बाहेरून धडधाकट दिसणाऱ्या गाडीची जमीन कडेला पाय देताच दबत होती. पाणी शिरते वरून, छताच्या झरोक्यातून वा खिडकीच्या सांध्यातून. ते भिंतीच्या दोन पत्र्यांमधून ओघळत खाली येते आणि जमिनीच्या प्लायवूडची कड कुजवते. ही कड वरचे कवच व खालचा पोलादी सांगाडा यांच्या मधोमध दाबून बसविलेली असते. ती कुजली, की कवच सांगाड्यापासून सुटू लागते. भावाने आतले पत्रे उतरवून टोकणीने सगळी जमीन तपासली. कूज होती ती कडेच्या हातभर पट्ट्यातच. मधली लाकडे खणखणीत होती. तेवढाच भाग कापून त्याने नवे प्लायवूड बसविले, सांध्यांस खालून आधार दिला. त्याआधी छताचे सांधे बंद केले, हे सांगणे नलगे. गळती तशीच ठेवून जमीन बदलणे व्यर्थ.

आसाची कथा निराळी. या गाडीस कमानी नसतात. पोलादी नळीत एक दांडा व त्याभोवती रबराच्या कांबी असतात. खड्डा आला की दांडा पिळला जाऊन रबर धक्का सोसते. इतक्या वर्षांत ते रबर दगडासारखे झाले होते. त्यावर इलाज नाही, सबंध आस नवा घ्यावा लागतो. टायर तर बिनघासलेले, परंतु जुने. टायरच्या कडेवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे व पुढचे दोन वर्षाचे. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. वाचकांनी आपल्या गाडीचेही पाहून ठेवावे.

शेवटी रिव्हेट. हे काम एकट्याने होत नाही. बाहेरून एकाने यंत्राने ठोकावे आणि आतून दुसऱ्याने जड लोखंडी ठोकळा घट्ट धरावा, तेव्हा रिव्हेटचे शेपूट दबून चपटे होते. आतली जागा आमच्या वाट्यास आली. मध्ये पत्रा, शब्द ऐकू येत नाहीत. म्हणून खुणा ठरल्या. आतून दोन टिचक्या म्हणजे ठीक, तीन म्हणजे पुन्हा. पहिल्या दिवशी तीनच अधिक वाजल्या.

निघण्याच्या आदल्या दिवशी भावाने रबरी नळीने छतावर अर्धा तास पाणी सोडले. आम्ही आत बॅटरी घेऊन कोपरे पाहत बसलो. थेंब आला नाही. बाहेर येऊन आम्ही म्हणालो, "वाड्याचे तक्ते आम्ही उचलून पाहिले नव्हते, रे."

नळी गुंडाळीत तो म्हणाला, "बाहेरून पैसे पाठवतो म्हणणे सोपे होते, दादा. आतून धरायला मी तिथे नव्हतो."

रात्री जेवताना वाड्याच्या गोष्टी निघाल्या. सौभाग्यवतींनी दोनदा भात वाढला, तरी कोणी उठले नाही.