दहावी रेघ जाड हवी

फुलीच्या टाक्याचा नमुना वाचणारी बाई कागदाकडे फार वेळ बघत नाही. चार घरं मोजते, मान खाली घालून तेवढ्या फुल्या भरते आणि पुन्हा कागदाकडे वळते. मधे कुकरची शिट्टी होते, पोर हाक मारतं. परत आल्यावर तिला आपली जागा चटकन सापडली पाहिजे. राजगुरुनगरात घरी बसून मी नमुने काढते, त्यात माझी सगळी मेहनत एवढ्यासाठीच असते. चित्राचं रूप त्यानंतर.

म्हणून दहावी रेघ जाड. दर १० घरांनी उभी-आडवी जाड रेघ असली की २७ घरं मोजायला दोन उड्या आणि वर सात घरं पुरतात. कडेला आकडे आणि चारही बाजूंना मध्य दाखवणारे बाण. कापड दोनदा दुमडून मध्य काढायचा नि तिथून सुरुवात करायची, ही जुनी रीत. कागदावरच मध्य नसेल तर मोराचा पिसारा मॅटीच्या काठाबाहेर जायला लागतो तेव्हा चूक कळते, आणि मग अर्धा मोर उसवावा लागतो. घर निदान ३ मिलिमीटरचं ठेवावं. तेवढं ठेवलं तर ए-फोर कागदावर ६० बाय ८० घरं ऐसपैस बसतात. नमुना मोठा असेल तर सरळ दोन पानं करावीत आणि पहिल्या पानाच्या शेवटच्या दोन उभ्या ओळी दुसऱ्या पानावर फिकट करड्या रंगात पुन्हा छापाव्यात. एका पानात कोंबलेला नमुना चाळशी लावूनही वाचवत नाही.

खरी डोकेफोड खुणांची. रंगीत छापलेला नमुना दुकानात छान दिसतो, पण आमच्याकडे नमुने फिरतात ते झेरॉक्सवर. एकीने आणला की चौघी प्रत काढतात, आणि त्या प्रतीत लाल फूल नि हिरवं पान दोन्ही सारखीच करडी होतात. त्यामुळे प्रत्येक रंगाला स्वतःची खूण लागतेच. गडद रंगाला भरीव खूण, फिक्याला हलकी, म्हणजे काळ्या-पांढऱ्या कागदावरही चित्र ओळखू येतं. पण हा नियम एका टोकाला अडतो. निमगावच्या खंडोबासाठी भंडाऱ्याचे तीन पिवळे घेतले, डीएमसी कंपनीच्या दोऱ्यांतले ७२५, ७२६ आणि ७२७. त्यांना भरलेला गोल, पोकळ गोल आणि गोलात टिंब अशा खुणा द्याव्यात असं कुणालाही वाटेल. रात्री ट्यूबलाइटखाली बसलेली बाई म्हणणार, “ताई, हे तिन्ही गोल मला एकच दिसत्यात की!” जे रंग कापडावर शेजारी असतात आणि डोळ्यांना जवळचे वाटतात, त्यांच्याच खुणा एकमेकींपासून सर्वांत लांबच्या हव्यात: एकाला त्रिकोण, एकाला अधिक, एकाला नुसतं टिंब. शिवाय रिंग फिरवताना कागदही फिरतो, तेव्हा सुलटा आणि उलटा त्रिकोण दोन रंगांना देऊ नयेत.

मग अक्षरंच का नकोत, असं काहीजणी विचारतात. देवनागरी अक्षराची शिरोरेघ घराच्या वरच्या रेघेत मिसळते. घ आणि ध, भ आणि म यांना वेगळं करणारी फट तिथेच असते, तीच नाहीशी होते. आणि चाकणच्या कंपन्यांमुळे आता इथे ओडिशा-बंगालकडच्या बायकाही भाड्याच्या खोल्यांतून राहतात. त्रिकोण त्यांनाही वाचता येतो.

तसं पाहिलं तर मोजून काम करायला कागद लागतोच असं नाही. धारवाडकडच्या कसूतीत गवंती, मुरगी, नेगी, मेंथी असे चार टाके. त्यातला मेंथी म्हणजे आपली फुली. कापडावर छाप नसतो, ताणाबाणा मोजत गोपुर, पालखी, तुळशीवृंदावन उमटतं. ते जमतं, कारण आकृत्या ठरलेल्या आणि हातांत बसलेल्या. कधीच न पाहिलेलं चित्र भरायचं झालं की कागद लागतो. १८०४च्या सुमारास बर्लिनमध्ये चौकटीच्या कागदावर हाताने रंगवलेले नमुने विकायला आले, ते अशाच गिऱ्हाइकांसाठी. आपल्या बायका हा कागद लवकर शिकतात. रांगोळीच्या वहीत “१३ ते ७” एवढंच लिहिलेलं असलं तरी त्यांचे ठिपके बिनचूक पडतात.

आता फोटो टाकला की संगणक मिनिटात नमुना देतो. मला त्याचा राग येतो असं नाही, पण तो काही गाळत नाही. देवाच्या चेहऱ्याला ६० छटा, आणि गालावर एकेकटी विखुरलेली घरं. एका फुलीसाठी नवी लच्छी आणायची, दोन पदर काढायचे, सुई ओवायची, मागे टोकं दडवायची! ज्या रंगाच्या दहाही फुल्या होत नाहीत, तो मी शेजारच्या छटेत ढकलते. चेहरा बिघडत नाही, उलट हातभर लांबून जास्त ठसठशीत दिसतो. नमुना काढण्यातला निम्मा वेळ हे गाळण्यात जातो, आणि याचे पैसे कुणी वेगळे देत नाही.

रुखवतासाठी नमुना विकत घेणार असाल तर मोराच्या फोटोवर जाऊ नका, आतलं पान उघडून बघा. इंचाला किती घरांचं कापड, किती पदरी दोरा आणि रंगांचे नंबर कोणत्या कंपनीचे, हे लिहिलेलं हवं. काळा रंग डीएमसीत ३१० आहे, अँकरमध्ये ४०३. कापडाचा हिशेब न धरता काचेची फ्रेम आधी करून घेऊ नका. १४० घरांचं तोरण इंचाला १४ घरं असलेल्या कापडावर १० इंच होतं, ११ घरांच्या कापडावर पावणेतेरा.