उघडिपीची वाट: कांदाटी खोऱ्यातील मधपाळ मित्रास

महाबळेश्वर,
वैशाख अखेर

स्नेही मधपाळ मित्रास,


तापोळ्याहून शिवसागर, म्हणजे कोयनेचा जलाशय, ओलांडून कांदाटी खोऱ्यात ठेवलेल्या मधपेट्यांपर्यंत भर पावसात कसे पोहोचावे, असा प्रश्न आपल्या पत्रात आहे. हा प्रश्न पावसाळ्यापुरता दिसत असला, तरी सह्याद्रीच्या माथ्यावरील मधपाळाच्या वर्षभराच्या कामाचे यशापयश त्याच्यावर ठरते. आणि त्याचे उत्तर पोहोचण्याच्या युक्त्यांत फार थोडे असून, पाऊस सुरू होण्यापूर्वी पेटी कोठे, कोणत्या बळाची आणि किती अन्नासह ठेवली गेली, यात बहुतांशी सामावलेले आहे.

महाबळेश्वरच्या माथ्यावर वर्षाकाठी साधारण साडेपाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो आणि त्याचा फार मोठा भाग जुलै व ऑगस्ट या दोन महिन्यांत कोसळतो. जुलै २०२१ मध्ये २२ व २३ तारखांच्या दरम्यान येथे २४ तासांत सुमारे ५९४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली, आंबेनळी घाटात दरडी कोसळून रस्ता खचला आणि डोंगरातील अनेक गावांचा संपर्क तुटला. असा प्रलय दरवर्षी होत नसला, तरी ओढ्यांना आलेले पाणी, पायवाटांवरील निसरड, जळवा आणि दहा पावलांपलीकडचे दिसू न देणारे धुके हे दरवर्षीचे वास्तव आहे. कांदाटी खोऱ्याच्या बाबतीत तर मध्ये कोयनेच्या जलाशयाचे पाणी असते, आणि वारा उठला व धुके दाटले की त्यावरून लाँच नेणे धोक्याचे ठरते. म्हणून मधपाळाने आपल्या पेट्यांचा हिशेब करताना मे महिन्यातील वाट गृहीत न धरता पुष्य नक्षत्रातील, म्हणजे जुलै अखेरची, वाट गृहीत धरली पाहिजे.

या डोंगरात पेटीत पाळली जाणारी माशी म्हणजे सातेरी. ही भारतीय जातीची मधमाशी झाडाच्या ढोलीत किंवा कपारीत अंधारात एकाला एक समांतर अशी अनेक पोळी बांधते, म्हणूनच ती चौकटींच्या पेटीत नांदू शकते. उघड्यावर एकच मोठे पोळे लावणारी आग्या माशी पेटीत नांदत नाही. मुसळधार पावसात सातेरीच्या कामकरी माश्या बाहेर पडत नाहीत, आणि पडल्या तरी फुलांतील मकरंद, म्हणजे फुलांचा गोड रस, धुऊन गेलेला किंवा पातळ झालेला असतो, तर परागकण भिजून गोळा करण्याजोगे उरत नाहीत. पेटीच्या आत मात्र खर्च चालूच असतो, कारण पिलाव्याभोवतीची, म्हणजे अंडी, अळ्या आणि कोष असलेल्या पोळ्याच्या भागाभोवतीची, ऊब ३३ ते ३६ अंश सेल्सिअसच्या दरम्यान राखण्यासाठी माश्यांना अंगातील स्नायू हलवून उष्णता निर्माण करावी लागते आणि त्यासाठी साठवलेला मध खावा लागतो. बाहेर गारठा जितका अधिक, तितका हा खर्च अधिक. आणि आवक शून्य. पराग येईनासा झाला की राणी अंडी घालणे कमी करते, पुढे थांबवते, आणि मध संपत आल्यावर सातेरी आपला मूळ स्वभाव दाखवते: ती उरलेसुरले अन्न पोटात भरून घर सोडून निघून जाते. याला वसाहतीचे स्थलांतर म्हणावे की पलायन, हा वाद बाजूला ठेवला, तरी पावसाच्या तोंडावर भरलेली पेटी गणपतीच्या सुमारास रिकामी सापडते, याचे सर्वांत मोठे कारण हेच आहे.

यातील कालगणना विशेष लक्ष देऊन पाहण्यासारखी आहे, आणि बहुतेक नवे मधपाळ नेमके तिकडेच दुर्लक्ष करतात. अंड्यापासून पूर्ण वाढलेली कामकरी माशी बाहेर येण्यास सुमारे तीन आठवडे लागतात. त्यानंतरचे दोन-तीन आठवडे ती पेटीच्या आतील कामे करते, म्हणजे अळ्यांना भरवते, पोळे साफ ठेवते, मेण पाझरून नवी घरे बांधते. आणि मगच ती फुलांवर जाऊ लागते. याचा अर्थ असा की, पाऊस ओसरताना, सप्टेंबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात, कारवीच्या किंवा सोनकीच्या फुलांवर राबणारी माशी ज्या अंड्यातून आलेली असते, ते अंडे जुलैच्या अखेरीस किंवा ऑगस्टच्या आरंभी, म्हणजे पुष्य आणि आश्लेषा या पावसाने झोडपणाऱ्या नक्षत्रांत, घातले गेलेले असते. ज्या काळात पेटीपर्यंत पोहोचणे सर्वांत अवघड, त्याच काळात पुढच्या हंगामाची माशी घडत असते. आठ वर्षांतून एकदा डोंगरच्या डोंगर फुलवणारी कारवी ज्या वर्षी येते, त्या वर्षी ही गोष्ट अधिकच बोचते. कारण फुले अमाप असतात, आणि जुलैत राणी थांबल्यामुळे त्यांवर जाणारी तरुण माशी मात्र पेटीत नसते.

यावरून पहिला नियम निघतो तो मे महिन्यातील मधकाढणीविषयी. महाबळेश्वरच्या परिसरात जांभूळ, हिरडा आणि गेळा यांच्या फुलोऱ्यावर वसाहती भरतात आणि पाऊस येण्यापूर्वी मध काढला जातो. सातेरीच्या पेटीतून मिळणारा मध युरोपीय माशीच्या मानाने थोडाच असल्यामुळे शेवटची चौकटही निथळून घेण्याचा मोह होतो. हा मोह आवरला पाहिजे, हे कितीही वेळा सांगितले तरी कमीच आहे. वरच्या मधाच्या कोठीतील मध मधपाळाचा, पण खालच्या पिलाव्याच्या कोठीत पोळ्यांच्या माथ्याशी माश्यांनी साठवलेला मध आणि त्यालगतचा परागाचा पट्टा हा वसाहतीचा, अशी रेघ ओढून ठेवावी आणि ती ओलांडू नये. साखरेचा पाक भूक भागवतो, परंतु त्यात पराग नसतो, आणि परागावाचून अळी पोसली जात नाही. म्हणून मेमधील अधाशी काढणीची भरपाई जुलैमधील साखरेने पूर्ण होत नाही.

दुसरा विचार बळाचा. दुबळ्या वसाहती पावसात नेऊ नयेत. दोन-तीन चौकटींवर जेमतेम पसरलेल्या दोन वसाहती वेगळ्या राखण्यापेक्षा, त्यांतील कमी प्रतीची राणी काढून, मध्ये टाचणीने भोके पाडलेला वर्तमानपत्राचा कागद घालून त्या एकत्र कराव्यात. कागद कुरतडून पलीकडे जाईपर्यंत दोन्हीकडच्या माश्यांना एकमेकींचा वास सवयीचा होतो आणि मारामारी टळते. पेट्यांची संख्या घटल्याचे दुःख होते खरे, पण एक भरलेली वसाहत पावसाळा पार करते आणि दोन अर्ध्या मरतात.

त्याच वेळी माश्यांनी न झाकलेली जुनी, काळी पोळी काढून टाकावीत. या पोळ्यांत मेणपतंग अंडी घालतो. त्याच्या अळ्या मेण पोखरत जाळीसारखे धागे विणत जातात आणि थोड्या दिवसांत चौकटीचा भुगा करतात. बलवान वसाहत या अळ्या ओढून बाहेर टाकते, परंतु रिकामी पोळी राखण्याइतकी माशी नसली की तळपाटावर साठलेल्या मेणाच्या चुऱ्यातच त्यांची वाढ सुरू होते. येथे सातेरीची एक मर्यादा ध्यानात ठेवावी लागते. १९६२ पासून हिमाचल प्रदेशातील नगरोटा येथून भारतात स्थिरावत गेलेली युरोपीय माशी झाडांचा डिंकासारखा चिकट रस आणून पेटीच्या फटी बुजवते. सातेरी असा रस गोळा करत नाही. त्यामुळे झाकण आणि कोठी यांमधील फट, फळीतील चीर, कोपऱ्यातील सांधा हे सारे बुजवण्याचे काम मधपाळाकडेच येते, आणि त्यासाठी शेणमातीचा लेप किंवा मेण पुरेसे असते. फटीतून पाणी शिरते, त्याहून वाईट म्हणजे ओल शिरते, आणि ओलीबरोबर मुंग्या व पतंग शिरतात.

पेटीची जागा आणि मांडणी यांविषयी थोडक्यात एवढेच की, स्टँड जमिनीपासून फूट-दीड फूट उंच असावे, पेटी दाराच्या बाजूला किंचित कललेली असावी म्हणजे आत आलेले पाणी बाहेर निघेल, दार नैऋत्येच्या वाऱ्याकडे नसून पूर्वेकडे असावे, झाकणावर पत्रा किंवा गवताचे जाड छप्पर दोरीने आवळून त्यावर दगड ठेवावा, आणि ओढ्याच्या काठची, कड्याखालची व मोडकळीस आलेल्या झाडाखालची जागा टाळावी. दार इतके लहान करावे की दोन-तीन माश्याच एका वेळी ये-जा करू शकतील. गांधीलमाशीलाही त्यामुळे अटकाव होतो.

आता पोहोचण्याचा प्रश्न. पाऊस सुरू असताना पेटी उघडणे हे काळजीचे लक्षण असले, तरी काळजीचे काम नव्हे. झाकण उघडताच पिलाव्याची ऊब जाते, ती परत आणण्यासाठी वसाहतीला आणखी मध जाळावा लागतो, आणि वारंवार हाताळलेली सातेरी घर सोडण्यास अधिक प्रवृत्त होते. उघडीप मिळाल्यावर, म्हणजे पाऊस काही तास थांबून थोडे ऊन पडल्यावर, दुपारच्या सुमारास जावे, आणि तेव्हाही आधी बाहेरूनच पाहावे. दारातून पायांना परागाचे गोळे लावलेल्या माश्या आत जात असतील, तर राणी अंडी घालत आहे असे बहुधा समजावे. पेटीची मागची बाजू बोटभर उचलून वजनाचा अंदाज घ्यावा. सवयीच्या हाताला मध किती उरला आहे, हे त्यातून कळते. पेटीवर हलकेच टिचकी मारली असता सुदृढ वसाहत क्षणभर फुत्कारून शांत होते, तर राणी नसलेली वसाहत बराच वेळ कण्हल्यासारखी गुणगुणत राहते. तळपाटावरचा चुरा दारातून काडीने ओढून पाहावा, आणि त्यात धागे किंवा अळ्या दिसल्या तरच पेटी उघडावी.

वजन कमी लागले तर अन्न द्यावे. पावसाळ्यात पाक दाट असावा, दोन भाग साखर आणि एक भाग पाणी या प्रमाणात, कारण पातळ पाकातील पाणी उडवण्यासाठी दमट हवेत माश्यांना नाहक श्रम पडतात. तो पेटीच्या आतच, संध्याकाळी, आणि त्या जागेतील सर्व पेट्यांना एकाच वेळी द्यावा. एकीला देऊन दुसरीला न दिल्यास लुटालूट सुरू होते आणि दुबळी वसाहत त्यात संपते. जेथे पुन्हा कधी जाता येईल याची खात्री नाही, तेथे पाकाऐवजी पिठीसाखर मधात घट्ट मळून केलेला गोळा चौकटींच्या माथ्यावर ठेवावा, म्हणजे तो पुष्कळ दिवस पुरतो. मध मात्र आपल्याच निरोगी पेट्यांतील असावा, कारण विकत घेतलेल्या मधातून रोग येऊ शकतो. १९९० च्या दशकाच्या आरंभी थाई सॅकब्रूड या विषाणूजन्य रोगाने, ज्यात अळी पाण्याने भरलेल्या पिशवीसारखी होऊन मरते, दक्षिण भारतातील सातेरीच्या वसाहतींचा फार मोठा संहार केला होता, आणि तेव्हापासून एका ठिकाणचा मध किंवा चौकट दुसऱ्या ठिकाणी नेताना सावधगिरी बाळगणे हे मधपाळाचे कर्तव्य झाले आहे.

या सर्व उपायांना एक सीमा आहे, आणि ती स्पष्टपणे मांडणे हाच या पत्राचा मुख्य हेतू आहे. जुलैच्या अखेरीस जेथे एकदाही पोहोचता येणार नाही, तेथे पावसाळ्यात पेटी ठेवूच नये. महाबळेश्वरहून पाचगणी अवघी १९ किलोमीटरांच्या आसपास असूनही तेथला पाऊस माथ्यावरच्या पावसाच्या निम्म्याहूनही कमी आहे, आणि वाईपर्यंत उतरले की तो एक हजार मिलिमीटरांच्या आत येतो; मधल्या पट्ट्यात पावसाच्या उघडिपी अधिक मिळतात, बांधावर आणि पडीक रानात काही ना काही फुलत राहते, आणि रस्ता सहसा बंद होत नाही. मे अखेरीस, रात्रीच्या वेळी, दारांना जाळी लावून पेट्या पूर्वेकडच्या या उतारावर आणणे आणि पाऊस ओसरताच पुन्हा खोऱ्यात नेणे, हा खर्च मधाच्या हिशेबात आरंभापासूनच धरला पाहिजे. मे २०२२ मध्ये मधाचे गाव म्हणून जाहीर झालेल्या मांघरकडे पाहिले तरी हेच दिसते की, तेथील मधपाळाचा मुक्काम आणि त्याच्या पेट्या यांत जलाशय नाही. पाऊस तेथेही तितकाच पडतो, पण उघडीप मिळाली की माणूस तासाभरात पेटीपाशी असतो. खोऱ्यातील जंगल अधिक दाट आणि फुलोरा अधिक समृद्ध आहे, हे आपले म्हणणे खरे आहे. परंतु फेब्रुवारी ते मे या काळात त्या फुलोऱ्याचा लाभ घेण्यासाठी पेटी जूनमध्येही तेथेच असली पाहिजे, असे मुळीच नाही. पेट्या वाटण्याच्या उत्साहात आणि प्रशिक्षणाच्या चार दिवसांत हा भाग सहसा वगळला जातो, आणि त्याची किंमत माशी मोजते.

तरी मृग लागण्यापूर्वी, पाणी शांत आहे तोवर, पलीकडच्या पेट्यांपैकी सशक्त तेवढ्या अलीकडे आणाव्यात, दुबळ्या एकत्र कराव्यात, आणि खालच्या कोठीतील मधाला या वर्षी हात लावू नये, ही आग्रहाची विनंती आहे. उतारावर जागेची सोय होण्यासारखी आहे. केव्हा निघणार ते कळवावे.

कळावे, लोभ असावा.

आपला स्नेहांकित