संगणक कुणासाठी?

मित्रांनो, ‘कॉम्प्युटर म्हणजे हुशार मुलांचं काम, आपल्याला नाही जमायचं,’ असं तुमच्यापैकी कुणाला वाटतं का? मी शाळेत संगणक शिकवतो. दर वर्षी जूनमध्ये हे वाक्य माझ्या कानावर येतंच. मग मी पुस्तक बाजूला ठेवतो आणि मुलांना एक खरी गोष्ट सांगतो. ऐका तर!

गोष्ट आहे अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजातली. त्या काळी संगणक म्हणजे खोलीभर पसरलेलं धूड. कार्डांना भोकं पाडून त्याला हुकूम द्यायचे, गठ्ठा तिथल्या माणसाच्या हवाली करायचा आणि उत्तराची वाट बघत बसायचं. एखादं चिन्ह चुकलं, की पुन्हा पहिल्यापासून! मग शास्त्रज्ञ आणि इंजिनिअर सोडून कोण जाणार त्याच्या वाटेला?

जॉन केमेनी आणि थॉमस कर्ट्झ हे तिथले गणिताचे प्राध्यापक. कॉलेजातली बहुतेक मुलं विज्ञानाची नव्हतीच. ‘या मुलांनी संगणक का वापरू नये?’ असं दोघांच्या मनात आलं. मुलांना भाषा जड जाते ना, मग भाषाच सोपी करू या! त्यातून ‘बेसिक’ जन्मली. प्रिंट, लेट, इफ असे साधे इंग्रजी शब्द तिच्यात होते. १ मे १९६४ रोजी पहाटे चार वाजता बेसिकचे पहिले प्रोग्रॅम चालले. संगणक एकच, पण तो प्रत्येकाला थोडा थोडा वेळ देई, तोही इतक्या भराभर, की ज्याला त्याला वाटावं, यंत्र माझं एकट्याचंच! आणि बरं का, ही सोय उभी करण्यात तिथल्या विद्यार्थ्यांचाच मोठा हात होता.

मीही शाळेत बेसिकच शिकलो. चपला दाराबाहेर काढायच्या आणि एका संगणकापुढे चौघांनी बसायचं. पाळी येईपर्यंत वहीत प्रोग्रॅम लिहायचा. खरं शिकणं त्या वहीतच झालं.

आता शाळांतून स्क्रॅच, पायथन आले. पण गोष्ट ऐकल्यावर वर्गातली एखादी गप्प बसणारी मुलगी हळूच विचारते, “सर, म्हणजे जड भाषा होती, मुलं ढ नव्हती?” अगदी बरोबर!

तेव्हा दोस्तांनो, आज एक करा. लिंबाचं सरबत करायची कृती कागदावर लिहा आणि धाकट्या भावंडाला सांगा, “लिहिलंय तेवढंच कर.” ‘साखर घाल’ लिहिलंत आणि ‘ढवळ’ राहिलं, तर काय होतं ते पाहा. कुठं अडतं ते शोधून कृती सुधारा. झाला की तुमचा पहिला प्रोग्रॅम!