आधी कीर्द, मग खतावणी

सावद्यात कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्याला केळीचे वेळापत्रक ठाऊक असावेच लागते. बाग कापली जाते, माल काट्यावर येतो, तिथून ट्रकने किंवा रेल्वेने दिल्लीकडे निघतो आणि शेतकऱ्याचे पैसे काही दिवसांनी येतात. मधल्या काळात त्याच्या हातात असते फक्त काटापट्टी आणि व्यापाऱ्याकडे असतो हिशेब. पूर्वी तो लाल वहीत असे. आता तो टेबलाखाली धूळ खात पडलेल्या एका डब्यात असतो. त्याला सगळे सर्व्हर म्हणतात.

मे-जूनमधली वादळे रावेर-सावदा पट्ट्याला नवी नाहीत. उभ्या बागा आडव्या होतात, तारा तुटतात. भुसावळजवळ दीपनगरला एवढे मोठे औष्णिक वीज केंद्र आहे, पण तार तुटल्यावर शेजार काय कामाचा! अशाच एका वादळानंतर सकाळी एका व्यापाऱ्याचा फोन आला. "भाई, पंखे फिरतात, पण मशीन म्हणते डिस्कच नाही. उद्या पेमेंटचा वार आहे." मी पोहोचलो तेव्हा ओट्यावर दोन शेतकरी बसले होते. रात्री त्यांच्या बागा झोपल्या होत्या. मागच्या मालाचे पैसे हाच आता त्यांचा आधार होता.

अशा वेळी लोक आधी डिस्क मेली असे धरून चालतात. मी स्वस्त वस्तूंपासून सुरुवात करतो. वीजपुरवठ्याचा डबा, रॅम, मग मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल. इथे पडद्यावरची तारीखच कित्येक वर्षे मागची होती. 3 व्होल्टचा सेल मीटरवर 2 च्या आसपास दाखवत होता. मशीनला वीज मिळत असते तोवर या सेलवर भार नसतो, म्हणून तो संपल्याचे कळत नाही. रात्री यूपीएसही संपला आणि सेलच्या भरवशावर राहिलेल्या सगळ्या सेटिंग्ज पुसल्या गेल्या. डिस्क कुठली, ती कशी वाचायची, हेच मशीन विसरले. सेल बदलला, सेटिंग्ज पुन्हा भरल्या. डिस्क दिसली.

पण लिनक्स अर्ध्यावर थांबले. फाइल सिस्टिम बिघडली आहे, दुरुस्त करू का, असे विचारू लागले.

इथे काय बिघडते ते जुन्या मुनीमांना लगेच कळेल. मुनीम व्यवहार आधी कीर्दीत टिपतो, मग खतावणीत चढवतो. चढवताना दिवा गेला तर दुसऱ्या दिवशी कीर्द पाहून खतावणी पुरी करता येते. आजची फाइल सिस्टिम हेच करते. काय बदलायचे ते आधी एका वेगळ्या जागी लिहिते, मग मूळ जागी बदल करते. त्या जागेला जर्नल म्हणतात. लिनक्समध्ये अशी सोय असलेली एक्स्ट-3 ही फाइल सिस्टिम 2001 मध्ये आली. डेटाबेसमधली कल्पना त्याहून जुनी आहे. व्यवहार एक तर पुरा व्हावा, नाही तर झालाच नाही असे व्हावे, यावर मूलभूत काम करणाऱ्या जिम ग्रे यांना 1998 चा ट्यूरिंग पुरस्कार मिळाला. म्हणून वीज गेली तरी बहुतेक मशीन्स दुसऱ्या दिवशी निमूट उठतात. या डिस्कच्या मात्र काही जागा वाचल्याच जात नव्हत्या आणि त्यात कीर्दीचीही काही पाने होती.

शेठ म्हणाले, "हो म्हणा ना त्याला, करू द्या दुरुस्त." मी नाही म्हटले. दुरुस्तीचा प्रोग्रॅम डिस्कवर लिहितो आणि आजारी डिस्कवर लिहिणे म्हणजे फाटक्या पानावर रबर घासणे. ती डिस्क माझी नव्हती, शेठचीही पुरती नव्हती. तिच्यात गावाची अमानत होती. डिस्क काढली, दुसऱ्या मशीनला लावली आणि डीडीरेस्क्यू या मोफत प्रोग्रॅमने नव्या डिस्कवर तिची जशीच्या तशी प्रत घेतली. हा प्रोग्रॅम आधी चांगला भाग उचलतो आणि अडलेल्या जागांवर नंतर परत येतो. निरोगी 1 टीबी डिस्कला साधारण तीन तास लागतात. हिला रात्र लागली. दर तासाला ओट्यावरून हाक यायची, "उघडलं का भो?"

दुरुस्ती प्रतीवर केली. वादळाच्या संध्याकाळच्या तीन पट्ट्या सोडून सगळे मिळाले. त्या तीन काट्यावरच्या कार्बन कॉपीवरून पुन्हा भरल्या. पेमेंट ठरल्या वारी झाले.

कुरआनातली सर्वांत लांब आयत, सूरह बकराची 282 वी, नमाज-रोज्याबद्दल नाही, देण्याघेण्याबद्दल आहे. मुदतीचे देणे लिहून ठेवा, लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावे, साक्षीदार ठेवा, असे ती सांगते. केळीचा धंदा सगळा मुदतीच्या देण्याचाच. त्या दुकानात बॅकअपची डिस्क होती, पण ती त्याच मशीनला कायम जोडलेली असे आणि तिच्यावरची शेवटची प्रत अकरा दिवसांची होती. एकाच माणसाच्या दोन सह्यांनी दोन साक्षीदार होत नाहीत. त्या रात्री खरा साक्षीदार ठरला तो काट्यावरचा कार्बन कागद.

आता तिथे तीन प्रती असतात. एक मशीनमध्ये, दुसरी रोज रात्री जोडून काढून घेण्याच्या डिस्कवर, तिसरी गावाबाहेर इंटरनेटवर. यूपीएसची यूएसबी केबल खोक्यात पडून होती, ती मशीनला लावली. आता बॅटरी उतरू लागली की मशीन स्वतः नीट बंद होते. आमच्या 45 अंशांच्या उन्हाळ्यात यूपीएसच्या बॅटऱ्या लवकर म्हाताऱ्या होतात, म्हणून मृगाआधी त्या तपासायच्या. सेलही तेव्हाच बदलायचा, तो चहा-भजीच्या पैशांत येतो. आणि महिन्यातून एकदा बॅकअपमधून कुठलीही एक जुनी पट्टी उघडून शेतकऱ्याजवळच्या कागदाशी ताडून पाहायची.