दुसरं हत्यार

दिवाळीच्या सुट्टीत नातू बुलढाण्याला आला तो फासे घेऊनच. आपल्या सोंगट्यांच्या खेळातले नव्हेत. कुणी चार बाजूंचा, कुणी आठ, कुणी चक्क वीस! 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' नावाचा हा खेळ १९७४ साली अमेरिकेत निघाला. प्रत्येकाने एकेक सोंग घ्यायचं आणि पडेल त्या दानाप्रमाणे ते निभवायचं. नातवाने सोंग घेतलं होतं धनुर्धाऱ्याचं. लांबचा शत्रू टिपण्यात गडी तरबेज. पण कुणी अंगाशी भिडला की त्याची गाळण उडे. शत्रू पाच फुटांच्या आत असला, तर बाण मारताना वीस बाजूंचा फासा दोनदा टाकून कमी पडेल ते दान धरायचं, असा नियमच आहे.

"आजोबा, जवळच्या लढाईला याला मोठी दोन हातांची तलवार देऊ?"

मला माझी मास्तरकी आठवली. जळगाव जामोद तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी मी नोकरीला होतो. एकदा शाळेतल्या एका भिल्ल मुलाच्या वडिलांबरोबर रानवाटेने चाललो होतो. त्यांच्या हातात धनुष्य, खांद्यावर रोजची लाकडं तोडायची कुऱ्हाड. माझ्या खिशात खामगावच्या बाजारातून हौसेनं घेतलेला घडीचा भला मोठा चाकू. वळणावर अस्वल! पुरतं दहा हातांवरही नसेल. बाण जोडायला सवड कुठली? त्यांनी धनुष्य टाकलं, कुऱ्हाड हातात घेतली आणि ते माझ्यापुढे उभे राहिले. मीही चाकू काढला. पण तो उघडेचना! कधी वापरलाच नव्हता, सांधा गंजून गेलेला. अस्वल क्षणभर थबकलं आणि झाडीत शिरलं. मग त्यांचं लक्ष माझ्या मुठीकडे गेलं.

"गुरुजी, हे काय हाय?"

नातू हसून म्हणाला, "मग कुऱ्हाडच देतो!"

"अरे, ती त्यांच्या हाताची. तुझ्या गड्याचं बळ किती?"

"आठ."

"आणि चपळाई?"

"अठरा."

त्याचं २०१४ सालचं नियमपुस्तक आम्ही उघडलं. कुऱ्हाड आणि ती मोठी तलवार, दोन्ही बळावर चालणाऱ्या. सरळ, बारीक पात्याची तलवार आणि खंजीर मात्र चपळाईवर चालतात. तलवारीच्या घावाला आठ बाजूंचा फासा, खंजिराला चारच. पण खंजीर फेकताही येतो.

१४१५ साली फ्रान्सात अॅजिनकोर्टला इंग्रज तिरंदाज चिखलात फ्रेंचांना भिडले, ते तलवारी, कुऱ्हाडी आणि हातोडे घेऊन. खुंट ठोकायचे हातोडे! वेळेला हाताच्या सवयीचं तेच कामाला येतं.

नातवाने तलवार घेतली आणि खंजीर कमरेला खोचला. मग हळूच विचारलं, "तुमचा चाकू कधी उघडला का हो?"

उघडला ना! घरी आल्यावर हिने सांध्यात खोबरेल सोडलं आणि दुसऱ्या दिवसापासून तो भाजी चिरायला घेतला. आता एका बोटाने उघडतो. अस्वल मात्र पुन्हा भेटलं नाही.